सात इंचांची काच

1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार-प्रदर्शनात माझदाने एमएक्स-5 ही दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार मांडली. तिचे हेडलाइट बॉनेटमध्ये दडलेले असत. बटण दाबले की दोन झाकणे वर उचलली जात आणि त्यांच्याबरोबर सात इंच व्यासाचे दोन गोल दिवे बाहेर येत. गाडी कोरी करकरीत होती, दिव्याचे माप मात्र अर्ध्या शतकापूर्वीचे होते. मूळ दिवे काढून जास्त उजेडाचे दिवे बसवणाऱ्या हौशी मंडळींना ही गाडी सोयीची वाटली ती या मापामुळेच. पुढचे कडे सोडवायचे, जुना दिवा ओढून काढायचा, त्याच खाचेत नवा बसवायचा. हे माप जुन्या अमेरिकी नियमातून आले आणि दिवे बदलण्याची रीतही बरीचशी त्या नियमावरच्या नाराजीतून रुजली.

मोटारीच्या आरंभी तेलाचे कंदील होते. गाडी येते आहे एवढे इतरांना कळावे, यापलीकडे त्यांचा उपयोग नव्हता. रस्ता दिसेल असा उजेड ॲसिटिलीनने दिला. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर पाणी ठिबकले की हा वायू सुटतो. बाजारात आंबे चोरून पिकवायला वापरतात तेच हे कार्बाइड. 1892 मध्ये टॉमस विल्सनला ते विजेच्या भट्टीत बनवण्याची रीत सापडली आणि ते स्वस्त झाले. ज्योत पांढरीशुभ्र आणि वाऱ्याला दाद न देणारी, पण खटाटोप फार. डब्यात साचलेला चुन्याचा चिखल दरवेळी खरवडून काढावा लागे आणि कडाक्याच्या थंडीत पाणीच गोठून बसे. 1904 मध्ये इंडियानापोलिसच्या कार्ल फिशर आणि जेम्स ॲलिसन यांनी पुढे प्रेस्ट-ओ-लाइट या नावाने गाजलेला हा वायू नळकांड्यांत भरून विकायला सुरुवात केली. 1909 मध्ये इंडियानापोलिसची प्रसिद्ध शर्यतीची धावपट्टी उभारणाऱ्या चौघांत हे दोघे होते. दिव्याच्या धंद्याची आणि शर्यतीची सोयरीक इतकी जुनी आहे.

1912 मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले आणि गॅसबत्तीचे दिवस भरले. आता प्रश्न उजेड कमी पडण्याचा नव्हता, समोरच्याचे डोळे दिपण्याचा होता. 1925 मध्ये ओस्रामने बायलक्स हा बल्ब आणला. एकाच काचेत दोन तंतू, एक लांबच्या उजेडासाठी, दुसरा खाली वळवलेल्या उजेडासाठी. आपल्याकडचे अप्पर-डिपर ते हेच. ट्रकच्या पाठीवर रंगवलेली रात्री डिपर वापरण्याची विनंती याच दोन तंतूंच्या जोरावर केलेली असते.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. 1940 च्या मॉडेलांपासून तिथे एकच दिवा ठरला: सात इंची सील्ड बीम. पुढची काच, मागचा रिफ्लेक्टर आणि आतले तंतू असे सगळे एका हवाबंद काचेच्या भांड्यात बंद. कल्पना मुळीच वाईट नव्हती. तोवर रिफ्लेक्टरवरची चांदी हवेने काळवंडायची आणि दोन-तीन वर्षांत दिवा मंद व्हायचा. बंद दिव्यात तो प्रश्नच उरला नाही. शिवाय कुठल्याही गाडीचा दिवा कुठल्याही पेट्रोल पंपावर मिळू लागला. दुखणे वेगळेच होते. चाळीस सालचे उत्तम तंत्र नियमात जे गोठले, ते पुढे कित्येक वर्षे तसेच राहिले. 1950 च्या दशकाच्या अखेरीस चार लहान दिव्यांची मुभा मिळाली, बाकी फार काही हलले नाही. 1961 च्या जॅग्वार ई-टाइपच्या दिव्यांवर वाहत्या रेषेची काचेची झाकणे होती. 1968 पासून अमेरिकेत ती बेकायदा ठरली आणि त्या देखण्या नाकाचे दिवे उघडे पडले. स्पोर्ट्स कारचे नाक जमिनीलगत हवे आणि दिवा मात्र ठरावीक उंचीवर हवा, या ओढाताणीवरचा तोडगा म्हणजे बॉनेटमधून वर येणारे दिवे. एमएक्स-5 ने तोच वारसा चालवला.

युरोपात दिवा उघडता येई आणि बल्ब बदलता येई, म्हणून सुधारणा आधी बल्बमध्ये झाली. साध्या बल्बमध्ये टंगस्टनच्या तापलेल्या तंतूचे कण उडून काचेवर बसतात आणि काच काळी पडते. बल्बमध्ये थोडे हॅलोजन, म्हणजे आयोडीन किंवा ब्रोमीन, घातले, तर उडालेले टंगस्टन काचेजवळ त्याच्याशी जोडले जाते, फिरत फिरत तंतूपाशी येते आणि तिथल्या आचेने पुन्हा तंतूवर बसते. हे चक्र चालायला बल्बची भिंत 250 अंश सेल्सिअसच्या वर तापलेली हवी, म्हणून तो लहानसा आणि क्वार्ट्झचा करतात. हॅलोजन बल्ब उघड्या बोटांनी धरू नये, असे गॅरेजात सांगतात त्यामागे हेच आहे. बोटाचे तेल काचेला लागले की तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. या जातीचा मोटारीचा पहिला बल्ब, एच-1, 1962 मध्ये आला. 1971 च्या एच-4 ने दोन तंतू एकत्र आणले, 60 आणि 55 वॉटचे.

एच-4 हातात घेऊन पाहण्यासारखा आहे. डिपरच्या तंतूखाली धातूची इवलीशी वाटी असते. तंतूचा खाली जाणारा उजेड ती अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा खालचा अर्धा भाग अंधारातच राहतो आणि वर, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत, उजेड जात नाही. वाटीची एक कड 15 अंशांनी कललेली असते. त्या कलामुळे भिंतीवर पडणाऱ्या उजेडाची वरची रेघ एका बाजूला चढत जाते आणि रस्त्याची आपल्याकडची कड लांबवर दिसते. भारतात ही चढण डावीकडे हवी, अमेरिकेत आणि बहुतेक युरोपात उजवीकडे. उजव्या वाहतुकीचा परदेशी दिवा मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर लावला, तर ही चढण नेमकी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाते. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी बिघडावे असे हे गणित आहे, आणि दिवे बदलण्याच्या पुढच्या इतिहासातले बहुतेक घोटाळे ते न ओळखल्यामुळे झाले.

अमेरिकेत हॅलोजन सील्ड बीमला वाट मिळाली ती 1970 च्या दशकाच्या शेवटी, आणि बल्ब बदलता येणारा दिवा 1983 मध्ये मान्य झाला. तोवर, आणि त्यानंतरही, पोर्शे किंवा एमजी बाळगणारे अमेरिकी हौशी युरोपातून सिबिये, हेला, मार्शाल यांचे एच-4 दिवे मागवून सात इंची खाचेत बसवत. हे दिवे तिथल्या नियमात बसत नव्हते, तरी डिपरची स्वच्छ कापलेली रेघ एकदा पाहिलेला माणूस सहसा मागे फिरत नसे. शर्यती आणि रॅलींनी या नावांना वलय दिले होते. मार्शालचे चमकत्या डोळ्यांचे काळे मांजर तर दिव्यांहून जास्त ओळखीचे झाले.

उजेड वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय दिव्यात नव्हताच, तारेत होता. जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स कारमध्ये हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या बटणातून आणि बारीक, लांब तारेतून फिरून जाई. तंतूच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताने बदलतो. म्हणजे वाटेत दहा टक्के व्होल्टेज गळले, तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. बॅटरीपासून जाड तार आणि मध्ये रिले, म्हणजे विजेनेच चालणारा स्विच, घातला की तोच बल्ब नव्यासारखा पेटतो. सात इंची दिव्याच्या जीप आणि ॲम्बॅसॅडरमुळे हे शहाणपण भारतातही पोचले. पुण्याच्या नाना पेठेसारख्या सुट्या भागांच्या बाजारात रिलेसकट तयार वायरिंग मिळते. अनेकांनी मात्र वायरिंगला हात न लावता 100/90 वॉटचे बल्ब ठोकले आणि वितळलेले होल्डर पाहिले.

1991 मध्ये बीएमडब्ल्यूच्या 7 सिरीजला झेनॉन दिवे आले. त्यांत तंतूच नाही. वीस हजारांहून जास्त व्होल्टच्या ठिणगीने दोन टोकांमध्ये प्रकाशाची कमान पेटते आणि 35 वॉटमध्ये सुमारे 3,200 ल्यूमेन देते. एच-4 चा डिपर 55 वॉट खाऊन सुमारे 1,000 देतो. आकडे पाहून हॅलोजनच्या दिव्यात झेनॉन बसवण्याची किट बाजारात आली नसती तरच नवल. पण हॅलोजनच्या रिफ्लेक्टरचे गणित तंतूच्या आकारावर आणि जागेवर बेतलेले. कमान वेगळ्या आकाराची, वेगळ्या तेजाची. त्यामुळे गाडीपुढचा रस्ता उजळून निघे, चालक खूश होई, आणि डिपरची रेघ पुसून सगळा उजेड समोरच्यावर फेकला जाई. कारखान्यातून झेनॉन घेऊन येणाऱ्या गाड्यांना युरोपात दिव्याची पातळी आपोआप राखणारी यंत्रणा आणि काच धुणारे फवारे सक्तीचे होते. किटमध्ये यातले काहीच नसे. त्यात निळ्या रंगाची फॅशन आली. कारखान्यातल्या झेनॉनचे रंगतापमान 4,200 केल्विनच्या आसपास असते. 8,000 किंवा 10,000 चे निळे बल्ब दिसायला भारी, पण उजेडाला उलट कमी. अमेरिकी वाहतूक-सुरक्षा प्रशासनाने अशी किट नियमात बसूच शकत नाहीत, अशी भूमिका घेतली. भारतात 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलात न बसणाऱ्या बदलांना आडवे येते. दुकानांतली विक्री त्यामुळे फारशी थांबली नाही, हेही तितकेच खरे.

एलईडीची गोष्ट याच वळणाने गेली, फक्त वेगाने. 2007 मध्ये लेक्ससने एलएस 600 एचला एलईडी डिपर दिला आणि लगेच ऑडी आर-8 या स्पोर्ट्स कारला पूर्ण एलईडी हेडलाइट आले. पाठोपाठ हॅलोजनच्या जागी बसणारे एलईडी बल्ब निघाले. पातळ पट्टीच्या दोन बाजूंना चिप लावून तंतूची नक्कल करायची आणि मागे पंखा जोडून उष्णता काढायची, अशी त्यांची रचना. नक्कल किती हुबेहूब जमते यावर सगळे अवलंबून, आणि स्वस्त मालात ती क्वचितच जमते. जर्मनीत रस्त्यावर वापरायला परवानगी मिळालेला असा पहिला बल्ब ओस्रामचा एच-7, 2020 मधला. तोही चाचणी झालेल्या ठरावीक गाड्यांपुरताच.

जुन्या सात इंची गाड्यांसाठी मात्र दुसरा मार्ग खुला झाला. जीप रँग्लर आणि हार्ले-डेव्हिडसन यांच्या मोठ्या गिऱ्हाइकीमुळे त्याच मापाचे अख्खे एलईडी दिवे बनू लागले. त्यांत भिंग, रिफ्लेक्टर आणि चिप एकमेकांसाठीच घडवलेले असतात आणि ते एमएक्स-5 च्या झाकणाखालीही बसतात. एलईडीची काच हॅलोजनसारखी तापत नाही, त्यामुळे तिच्यावर साचलेला बर्फ वितळत नाही. म्हणून थंड देशांसाठी काचेत तापणारी तार घातलेले दिवेही निघाले. यांतले बहुतेक दिवे उघडता येत नाहीत. आतली चिप गेली की 1940 च्या सील्ड बीमसारखा अख्खा दिवाच काढून टाकावा लागतो.