गोळीचा टप्पा

इ.स. १६९० मध्ये राजाराम महाराजांच्या जिंजीच्या सरकारने कडलूरजवळील तेगनापट्टणचा किल्ला इंग्रज कंपनीस विकला. किल्ल्याबरोबर भोवतालचा मुलूखही द्यावयाचा होता. परंतु त्याची हद्द साखळीने मोजली गेली नाही. किल्ल्यावरून तोफ डागावी आणि गोळा जेथवर जाईल तेथवरची गावे कंपनीची, असे ठरले. त्याच वर्षी सप्टेंबरात चहूंदिशांस तोफ डागून हद्द कायम झाली. त्या खेड्यांना पुढे ‘गोळ्याची गावे’ हेच नाव पडले आणि किल्ला फोर्ट सेंट डेव्हिड म्हणून ओळखला जाऊ लागला. तोफेचा टप्पा हीच सत्तेची हद्द, ही गोष्ट या व्यवहारात अक्षरशः उतरली.

योगायोग असा की, बंदुकीच्या गोळीचा वेग प्रयोगाने मोजणारा पहिला शास्त्रज्ञ बेंजामिन रॉबिन्स हा कंपनीचा मुख्य इंजिनिअर होऊन हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली याच किल्ल्यात वारला. टांगलेल्या जड लाकडी ठोकळ्यावर गोळी झाडावयाची आणि तो किती मागे झुलला यावरून वेग काढावयाचा, ही त्याची युक्ती. त्याचा ग्रंथ १७४२ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवान गोळीस हवेचा विरोध तिच्या वजनाच्या कित्येक पट होतो आणि गोल गोळी वेडीवाकडी फिरत गेल्याने भरकटते, हे त्याने दाखविले. नळीच्या आत आटे पाडून गोळीस नेमका पीळ देणारे राष्ट्र युद्धात वरचढ ठरेल, असेही त्याने लिहून ठेवले होते.

गोळी काही अंतर सरळ जाते आणि मग खाली येते, हा समज शिकारीच्या गप्पांतून नेहमी भेटतो. तो खरा नाही. नळीबाहेर पडताक्षणी गोळी पडू लागते. नेमाची रेषा सरळ असते. नळी तिच्याशी किंचित वर कललेली ठेवतात, म्हणून गोळी त्या रेषेच्या वर चढून पुन्हा खाली उतरते. अमुक अंतरावर ती रेषेस मिळावी अशी माशी व मागील खाच बसविणे, यालाच नेम लावणे म्हणतात. त्यासाठी ठरावीक अंतरावरच्या फळ्यावर तीन-चार गोळ्या एकाच नेमाने झाडतात आणि त्या घोळक्याचा मध्य पाहून, गोळी ज्या बाजूस न्यावयाची त्या बाजूस मागील खाच सरकवितात.

१८५३ च्या एनफील्ड रायफलीने रॉबिन्सचे भाकीत खरे केले. जुन्या ब्राउन बेसला मागील खाचच नव्हती. तिचा भरवशाचा मारा सुमारे शंभर यार्ड. एनफील्डची शिडीसारखी पट्टी मात्र ९०० यार्डांपर्यंत आखलेली होती. तथापि तिच्या गोळीचा वेग सेकंदास सुमारे ९०० फूटच होता. हवेचा विरोध सोडून हिशेब केला तरी ३०० यार्ड जाईपर्यंत गोळी १६ फूट पडते. पट्टी ३०० वर ठेवली आणि शत्रू प्रत्यक्षात ४०० यार्डांवर असला, तर गोळी नेमाच्या सात फूट खाली, म्हणजे त्याच्या पायापर्यंत न पोहोचताच जमिनीत जाणार! म्हणूनच हाइथ येथे १८५३ मध्ये निघालेल्या शाळेत सैनिकांकडून नजरेने अंतर ओळखण्याचा सराव करून घेत.

ज्या काडतुसाने १८५७ चा वणवा पेटला त्यावरील चरबीही या आट्यांपायीच आली होती. तिच्यावाचून दारूच्या काजळीने भरलेल्या नळीत काडतूस ठासणे अवघड जाई. बंडातील बहुतेक शिपाई जुन्याच बंदुकांनी लढले. १८५८ च्या मे महिन्यात काल्पीच्या मोहिमेत मात्र उन्हाळ्याने सर ह्यू रोजच्या एनफील्डची काडतुसे बिघडली. ती ठासणे कठीण झाले आणि मारा बेभरवशाचा ठरला. काल्पी तरीही पडली. त्या युद्धाचा निकाल एकट्या बंदुकीने लागला नाही, हे खरे. पण रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि झाशीच्या राणीसाहेब यांच्या बाजूस शौर्याची वाण नव्हती, हेही तितकेच खरे. टप्प्याचे मोजमाप आणि ते साध्या शिपायास शिकविणारी व्यवस्था ही समोरच्या बाजूस होती.

पुढे १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय याने धूर न करणारी दारू सिद्ध केली. वेग तिप्पट झाला की तेवढ्याच अंतरात गोळीचे पडणे नवव्या हिश्श्यावर येते. संस्थानी काळातील शिकारी रायफलींचा दूरवरचा नेम या हिशेबावर उभा होता. हाताच्या स्थैर्याइतकेच अंतराचे ज्ञानही लागे. ते चुकले की जनावर जखमी होऊन रानात तडफडत राही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती शिकार संपली, ते योग्यच झाले.

आपल्या ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याकडील घरांतून पराक्रमाच्या कथा पिढ्यानुपिढ्या जपल्या गेल्या. त्या जपाव्यातच. परंतु तेगनापट्टणच्या तोफेपासून काल्पीपर्यंतचा इतिहास वाचताना एक प्रश्न स्वतःस विचारावा: आपण किती शूर होतो, हे मुलांना सांगतो, मोजण्यात आपण कोठे मागे पडलो, हेही त्यांना सांगतो काय?