हात थांबवायचा कधी? ब्राउझर, बीटा आणि मराठी

फर्दापूरला बसून आपण लेण्यांची आठवण टाळू शकत नाही. अजिंठ्याचं लेणं छताकडून खाली कोरत आणलं जाई. काढलेला दगड परत बसवता येत नसे. २४ क्रमांकाचं लेणं अपुरं राहिलं, ते राहिलंच. संगणकाच्या प्रोग्राममध्ये मात्र घातलेलं काढता येतं, काढलेलं पुन्हा घालता येतं. म्हणून तिथे प्रश्न निराळा आहे: हात थांबवायचा कधी?

फायरफॉक्स १.० हा ब्राउझर ९ नोव्हेंबर २००४ रोजी आला. तेव्हाची रीत अशी की, ठरवलेलं सगळं तयार झालं की प्रकाशन. त्यामुळे फायरफॉक्स ४ रखडला. बारा बीटा आवृत्त्या निघाल्या, तेव्हा कुठे २२ मार्च २०११ उजाडला. मग रीत बदलली. क्रोमने आदल्या वर्षीच सहा आठवड्यांचं वेळापत्रक जाहीर केलं होतं. फायरफॉक्सनेही ते धरलं. एसटी वेळेवर सुटते. ज्याची बॅग भरून झाली नाही, तो पुढच्या गाडीने येतो, तसंच हे.

गाडी सुटण्याआधी 'कोड फ्रीझ', म्हणजे गोठवणं. नवी सोय घ्यायची नाही. फक्त दुरुस्ती, तीही परवानगीने, कारण दुरुस्तीसुद्धा नवी चूक आणू शकते. त्या काळात बीटा हजारो अनोळखी माणसांच्या हाती जातो. मेन्यूतली वाक्यंही गोठवत, म्हणजे अनुवादकांना अवधी मिळे. अनुवाद राहिला, तर तेवढी जागा इंग्रजीच राहते.

आता आपल्याकडे पाहू. 'आचार्याला' म्हणजे गुरूला, 'आचाऱ्याला' म्हणजे स्वयंपाक्याला. हा अर्धा र पडद्यावर नीट उमटला का, हे मराठी वाचणाऱ्यालाच कळणार.

तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं, तर गोठवणं हा निर्दोषपणाचा दावा नव्हे. शंका शिल्लक असताना घेतलेला तो निर्णय आहे. पण बीटावर तक्रार आली नाही, की चूक नाही असं धरलं जातं. वस्तुतः कुणी पाहिलंच नाही, असंही असेल. २०२० पासून फायरफॉक्सची गाडी चार आठवड्यांनी सुटते. पाहायला वेळ आणखी कमी. बीटा फुकट मिळतो. आपण तो मराठीत उघडून वाचला नाही, तर आपल्या वतीने दुसरं कोण वाचणार?