नगर रस्त्यावरच्या छोट्या मोटारी आणि त्यांचे ॲव्हरेज

छोटी मोटार एका लिटरमध्ये किती किलोमीटर धावेल, हे तिचे वजन, इंजिनाची घडण आणि रस्त्यावर मिळणारा वेग यांवर ठरते. पुणे-नगर रस्त्याने वाघोलीतून ये-जा करणाऱ्या छोट्या मोटारींच्या पिढ्या बदलल्या, तशी इंजिने काटकसरी होत गेली. गावातून जाण्याचा वेग मात्र मंदावत गेला.

पहिली पिढी फियाटची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी तयार होऊ लागली. १९७४ पासून हीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन पुढे, गती मागच्या चाकांना आणि वजन नऊशे किलोच्या आसपास, अशी तिची रचना होती. पेट्रोल आणि हवा मिसळण्याचे काम कार्ब्युरेटरचे. थंड इंजिन चालू करताना चोक ओढला की मिश्रणात पेट्रोल वाढे. चोक वेळेवर आत गेला नाही, प्लगवर काजळी धरली किंवा पॉइंटमधला गॅप बिघडला, की पेट्रोल वाया जाई. त्यामुळे शहरातले दहा-बारा किलोमीटरचे ॲव्हरेज टिकवणे हे मेकॅनिकच्या ट्यूनिंगवर बरेच अवलंबून असे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि या हिशेबाला महत्त्व आले. इंधनबचतीचा प्रसार करणारी पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन १९७८ मध्ये उभी राहिली.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्याच चाकांना गती देई आणि वजन पद्मिनीपेक्षा दोनशे किलोंहून अधिक कमी होते. थांबलेली गाडी पुन्हा वेगात आणताना लागणारी शक्ती वजनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून हलकेपणाचा लाभ शहरात सर्वाधिक दिसे. पुढे कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय इंजिन आले. सेन्सरच्या नोंदींवरून पेट्रोल मोजून सोडले जाऊ लागले आणि चोक ओढण्याची गरज संपली.

तिसरे वळण डिझेलचे. डिसेंबर १९९८ मध्ये टाटांनी पुण्यात घडवलेली इंडिका बाजारात आणली. ती मारुतीपेक्षा बरीच जड होती. तरी तिच्या १४०५ सीसीच्या डिझेल इंजिनाने खर्चाचे गणित बदलले. एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा अधिक ऊर्जा असते, डिझेल इंजिनात हवा जास्त दाबली जाते आणि त्या काळी सरकारी धोरणामुळे डिझेल बरेच स्वस्तही होते. टुरिस्ट गाड्या चालवणाऱ्यांनी इंडिका मोठ्या प्रमाणावर घेतली. २००८ च्या इंडिका व्हिस्टामध्ये फियाटचे १२४८ सीसीचे कॉमन-रेल डिझेल इंजिन बसले. ते इंजिन आणि ती गाडी वाघोलीच्या पुढे याच रस्त्यावर असलेल्या रांजणगावच्या फियाट-टाटा कारखान्यात तयार होत.

गाडीच्या ॲव्हरेजचा अधिकृत आकडा प्रयोगशाळेत निघतो. १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही वाहन-चाचणी संस्था पुण्यातच वेताळ टेकडीवर आहे. तेथे गाडी रोलरवर ठरावीक वेळापत्रकाप्रमाणे, म्हणजे चक्राप्रमाणे, चालवतात आणि धुरातील कार्बनवरून जळालेले इंधन काढतात. जुन्या भारतीय चक्रात कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर आणि सरासरी सुमारे २२ होती. २००० नंतरच्या सुधारित चक्रात शहरी टप्प्यापाठोपाठ ताशी ९० किलोमीटरपर्यंतचा टप्पा येतो. दोन्ही चक्रांत एसी बंद असतो.

वाघोलीतील प्रवास या चक्रांशी जुळत नाही. दगडखाणी आणि क्रशरचे हे गाव गेल्या दोन-अडीच दशकांत गृहसंकुलांनी भरले आणि २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले. खडीचे डंपर, रांजणगाव-शिक्रापूरकडील कारखान्यांची अवजड वाहने आणि खराडीच्या कार्यालयांकडे जाणाऱ्या मोटारी एकाच रस्त्यावर येतात. कोंडीत उभ्या गाडीचे इंजिन तासाला साधारण अर्धा ते एक लिटर इंधन जाळते आणि अंतर शून्य राहते. मग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उचललेला वेग पुढच्याच ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातो. छोट्या मोटारी सर्वांत कमी इंधन घेतात ते टॉप गिअरमध्ये, ताशी ४५ ते ५५ किलोमीटरच्या सलग वेगाला. वाघोलीत असा वेग गर्दीच्या वेळी मिळत नाही.

या पिढ्यांचा शेवट वेगवेगळ्या कारणांनी झाला. पद्मिनीचे उत्पादन शतकाच्या वळणावर थांबले. एप्रिल २०१० मध्ये धुराच्या प्रदूषणाचे बीएस-४ निकष लागू झालेल्या १३ शहरांत पुणे होते. ते निकष न पाळणाऱ्या मारुती ८०० ची विक्री या शहरांत बंद झाली. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि छोट्या डिझेल गाडीचा मुख्य फायदा आटला. २०१८ मध्ये इंडिकाही थांबली. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या मोटारींची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. अशा गाड्यांत घासलेल्या पिस्टन रिंग, अडकून राहणारे ब्रेक आणि टायरमधील कमी हवा यांमुळे ॲव्हरेज घटते. जुन्या पेट्रोल गाड्यांचे काही मालक खर्च कमी करण्यासाठी सीएनजी किट बसवतात.