पिस्तूल कोण निवडतं?

‘मोरिनी घ्यावं का स्टायर?’ २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकनंतर अंबड, परतूर, भोकरदनकडचे पालक मला हा प्रश्न विचारायला लागले. मनू भाकरनं पिस्तुलात दोन ब्राँझ आणली, कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं रायफलमध्ये एक आणलं, आणि इकडं सोयाबीनचे पैसे हातात असलेल्या बापांना वाटायला लागलं की आपल्या पोरानंही नेम धरावा. माझी सगळी नोकरी राज्य राखीव पोलीस दलाच्या जालन्यातल्या गट क्रमांक ३ मध्ये, कोतात म्हणजे शस्त्रागारात गेली. आरमोररचं काम. हत्यार उघडायचं, पुसायचं, दुरुस्त करायचं, मोजून परत रॅकला लावायचं. म्हणून लोक माझ्याकडं येतात. त्यांना मी आधी एवढंच सांगतो की आपल्या मुलखात पिस्तूल ‘निवडणं’ हीच नवी गोष्ट आहे. इतकी वर्षं ती निवड दुसरंच कुणीतरी करत आलं.

जालना आणि तोफा-बंदुका म्हटलं की सगळ्यांना असई आठवते. २३ सप्टेंबर १८०३ ची ती लढाई. तिच्या तीन आठवडे आधी, २ सप्टेंबरला, इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सननं जालन्याचा किल्ला घेतला होता. पुढं इथं छावणी बसली. निजामाच्या पैशावर पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमातली हैदराबाद कंटिंजंट १९०३ मध्ये हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली, तोवर जालना हे तिचं एक ठाणं होतं. शिपाई चांदमारीवर सराव करी तो सरकारनं दिलेल्या बंदुकीवर. पिस्तूल होतं साहेबाच्या कमरेला, आणि गंमत अशी की ते तो स्वतःच्या खिशातून, स्वतःच्या पसंतीनं घेई. अट एकच, सरकारी काडतूस त्यात बसलं पाहिजे. वेब्ली कंपनीनं याच काळात लांब नळीचं, बारीक साइटचं डब्ल्यूजी टार्गेट रिव्हॉल्व्हर काढलं, ते इंग्लंडात बिस्लीच्या मैदानावर नेमबाजांच्या हातात खेळत होतं. म्हणजे जालन्याच्या छावणीत पिस्तूल निवडायचा हक्क असलेला माणूस होता तो गोरा अधिकारी.

बाकीच्यांचं काय? ब्रिटिश मुलखात लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याची अट घातली आणि युरोपियनांना सूट दिली. आपण निजामाच्या राज्यात. इथं हत्यार म्हणजे जहागीरदाराची शान किंवा शिकारीचं साधन. कागदावरच्या काळ्या वर्तुळावर कुणी काडतूस फुकट घालवत नसे. मग रझाकारांचे दिवस आले. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननं ते संपले, पण मराठवाड्यातल्या घरांत बंदुकीची आठवण राहिली ती भीतीची. त्या पिढीतला कुठला बाप म्हणणार, ‘पोराला पिस्तूल शिकवतो’?

देशात मात्र त्याच सुमारास खेळाची घडी बसत होती. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन उभी राहिली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. बडोद्यात जन्मलेला, अहमदाबादेत वकिली केलेला, मूळ रत्नागिरीकडचा हा मराठी माणूस. आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या आधी नेमबाजाला जी पायरी चढावी लागते, ती ‘मावळंकर’च. पोरं हे नाव रोज घेतात, माणूस ठाऊक असणारं एखादंच.

संघटना झाली, पण हत्यार निवडलं ते कायद्यानं. १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ पासून अमलात आला. पोलीस आणि लष्कराच्या बोअरची हत्यारं, म्हणजे ९ एमएम आणि .३८, सामान्य नागरिकाला बंद. त्यामुळं सेंटर फायर पिस्तुलाच्या प्रकारात आपला नेमबाज आपोआप .३२ कडं वळला. ही गोळी मंद, झटका कमी, कागदाला भोक स्वच्छ. युरोपातले नेमबाजही आवडीनं हीच वापरत. आपल्याकडं कानपूरच्या कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर हीच गोळी खातं, पण ते स्वसंरक्षणाचं हत्यार. आखूड नळी, जड चाप. त्यावर पदकं येत नसतात. मुंबईच्या अशोक पंडितांनी १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत सेंटर फायर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं. तोवर इकडं १९८० च्या दशकाच्या मध्यात परदेशी हत्यार मागवणं सामान्य माणसाला बंद झालं होतं. सवलत राहिली ती नामवंत नेमबाजाला. म्हणजे चांगलं पिस्तूल हवं तर आधी नाव कमवा, आणि नाव कमवायचं तर चांगलं पिस्तूल हवं. तालुक्याच्या गावातल्या पोरानं या चक्रात शिरायचं कुठून?

आमच्या कोतात ९ एमएम ऑटो होतं, ब्राउनिंगच्या नमुन्यावर इशापूरला बनलेलं. मॅगझिनमध्ये १३ राउंड. त्याचा चाप दोन-अडीच किलोचा जोर दिल्याशिवाय हलत नाही, आणि ते बरोबरच आहे. बंदोबस्तात, धक्काबुक्कीत गोळी सुटता कामा नये. आमच्या फायरिंगला समोर असे माणसाच्या आकाराचं फिगर टार्गेट. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या कागदावरचा दहाचा गोल असतो साडेअकरा मिलिमीटरचा, आणि चापाची मर्यादा कमीत कमी ५०० ग्रॅम. दोन्ही पिस्तुलंच, पण एकाची सवय दुसऱ्याला चालत नाही. पोलिसात नाव काढलेला फायरर एअर पिस्तुलावर पहिल्यांदा उभा राहतो तेव्हा चाप कधी पडला हे त्याला कळतच नाही.

आपल्याकडं खरा फरक पाडला तो या हवेच्या पिस्तुलानं. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये ते पुरुष आणि महिला दोघांच्याही यादीत आलं. १९६५ पासून फाइनवेर्कबाउचं स्प्रिंगवालं मॉडेल ६५ जगभर चालायचं. प्रत्येक छर्ऱ्याला बाजूची लांब दांडी ओढायची. पुढं कार्बन डायऑक्साइडवाली आली, आणि मग २०० बारपर्यंत भरलेल्या हवेच्या सिलिंडरवाली. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा, वेग सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास, म्हणजे ऊर्जा पाच-सहा ज्यूल. २०१६ च्या नियमांप्रमाणं ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. दहा मीटरची रेंज एखाद्या गोदामात बसते. कायदा, आयात, जागा, तिन्ही कुलपं एकदम सैल झाली.

राही सरनोबत कोल्हापूरची, अनिसा सय्यद पुण्याची. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दोघींनी मिळून २५ मीटर पिस्तुलाचं जोडीचं सुवर्ण घेतलं, अनिसानं वैयक्तिकही घेतलं. राहीनं २०१३ मध्ये चांगवॉनला विश्वचषकाचं आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत शूट-ऑफमध्ये सुवर्ण घेतलं. कोल्हापूर-पुण्याला रेंज होत्या, शिकवणारे होते. मराठवाड्यात पोरं कमी नव्हती, हातात द्यायला पिस्तूल नव्हतं.

आता निवड तुमच्या हातात आली आहे, तर ती कशी करायची ते सांगतो. नावावर जाऊ नका. मोरिनी, स्टायर, वाल्थर, पार्दिनी, फाइनवेर्कबाउ, सगळ्यांची नळी तुमच्या पोरापेक्षा चांगला नेम मारते. आधी मूठ बघा. अक्रोडाच्या लाकडाची ती मूठ लहान, मध्यम, मोठ्या मापात मिळते. पोराला सांगा, पिस्तूल खाली धर, डोळे मीट, हात वर घे, आता डोळे उघड. पुढची साइट मागच्या खाचेत आपसूक मधोमध दिसली तर मूठ जुळली. दर वेळी डावीकडं पळत असेल तर कानस घेऊन लाकूड घासावं लागेल, नाहीतर माप बदलावं लागेल. मनगट वाकवून साइट जुळवायची सवय एकदा लागली की ती मोडायला वर्षं जातात.

मग चाप. स्पर्धेत तपासणीवाला ५०० ग्रॅमचं वजन चापाला अडकवतो आणि पिस्तूल सरळ वर उचलतो. वजन जमिनीवरून सुटलं आणि चाप पडला नाही, तर पास. घरी हे करून बघा. सगळं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे, वजन दीड किलोच्या आत. इलेक्ट्रॉनिक चाप लोण्यासारखा असतो, पण टोकियोत मनूचं पिस्तूल ऐन स्पर्धेत बिघडलं आणि मोलाचा वेळ गेला, हे विसरू नका. आपल्याकडं दुरुस्तीला मुंबई-पुणं गाठावं लागतं, तेव्हा शिकणाऱ्याला साधा यांत्रिक चाप बरा.

जुनं घेत असाल तर सिलिंडरवर ठोकलेली तारीख वाचा. त्याचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं; मुदत गेलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि २०० बारची हवा ही चेष्टा नाही. स्वस्तात मिळालेलं पिस्तूल नवीन सिलिंडर घेतल्यावर स्वस्त राहत नाही.

परदेशी पिस्तूल आज दीड-दोन लाखांच्या घरात जातं. म्हणून पालकांना माझं सांगणं आहे की पहिल्या वर्षी काहीच विकत घेऊ नका. पोराला रेंजच्या पिस्तुलावर उभं राहू द्या, एका हातानं किलोभर वजन तासभर स्थिर धरायला शिकू द्या. आणि जिल्ह्याचा क्रीडा निधी ज्यांच्या हातात आहे त्यांना विनंती आहे की क्रीडा संकुलात दहा मीटरच्या चार लेन आखा आणि तिथं सामाईक पिस्तुलं ठेवा. त्यात दोन लहान मुठीची असू द्या, एक डावऱ्या हाताचं. आपल्याकडं रेंजवर येणाऱ्यांत बारा-चौदा वर्षांच्या मुली बऱ्याच असतात, आणि मोठ्या मुठीच्या पिस्तुलानं त्यांचा नेम पहिल्याच महिन्यात बिघडतो.