मोजमाप कोणी ठरवावयाचे?

गोव्याच्या उत्तर सीमेवरील पेडणे आणि त्याच्या आग्नेयेस असलेली डिचोली हे दोन्ही प्रदेश पोर्तुगीजांच्या हाती आले ते 1780 नंतरच्या दशकात, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी ह्या जुन्या काबिजादींहून हा मुलूख वेगळा. म्हणून त्याला ‘नव्या काबिजादी’ असे नाव पडले. येथील बहुसंख्य लोकांची देवळे, सण, वैद्य आणि आजाराविषयीच्या समजुती पलीकडच्या वाडी संस्थानातल्यासारख्याच राहिल्या. पणजीहून येणारा सरकारी डॉक्टर त्यांच्या दृष्टीने परमुलखातलाच होता.

आज मी आपणांशी बोलणार आहे ते ह्या दोन तालुक्यांच्या आधाराने एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाविषयी. सरकारने लोकांच्या आरोग्यासाठी एखादी मोहीम काढली, तर ती सफल झाली की नाही हे कोणी ठरवावयाचे? आणि मुख्य म्हणजे, कशावरून ठरवावयाचे हे आधी कोणी सांगावयाचे?

ह्या प्रश्नाचा पहिला धडा देवीच्या रोगाने दिला. मुंबईस देवीची पहिली लस टोचली गेली ती 14 जून 1802 रोजी, एका लहान मुलीच्या दंडावर. पुढे ती गोव्यातही आली. परंतु नव्या काबिजादींत तिचे स्वागत थंडच झाले. देवी हा लोकांच्या लेखी नुसता रोग नव्हता, ते देवीचे येणे होते. आणि त्यावर जुनी, परंपरागत टोचणी लोकांना ठाऊक होती. त्यातच त्या काळी एका मुलाच्या दंडावरील फोडातील लस काढून ती दुसऱ्या मुलास टोचीत. ज्याच्या त्याच्या अंगातील पू आपल्या लेकराच्या अंगात जावा, हे कोणत्या आईबापांस रुचणार? जातीचा विटाळ मानणाऱ्या समाजात तर ही अडचण दुप्पट होती. डॉक्टरांनी ह्याला अडाणीपणा म्हटले. मात्र वर कळवावयाचा आकडा होता तो किती दंडांवर टोचले ह्याचा. किती जणांनी दार लावून घेतले आणि का, हे विचारण्याचे कोणाच्या मनात आले नाही. आले असते, तर लस नेण्याची रीत बदलावी हे पुष्कळ आधी सुचले असते.

ही चूक केवळ पोर्तुगीजांची होती असे मात्र समजू नये. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी, 1962 साली, भारत सरकारने देवी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तीन वर्षांत लोकसंख्येच्या शेकडा 80 लोकांना लस टोचावी असे उद्दिष्ट ठरले. आकडे भराभर वाढले. कित्येक ठिकाणी ते उद्दिष्टाच्याही वर गेले, आणि देवीचा रोग मात्र तसाच राहिला! कारण शोधता आढळले की, लस टोचणाऱ्यास सहज सापडतात ती शाळेतील मुले पुन्हा पुन्हा टोचली जात होती. आणि तान्ही बाळे, भटके मजूर, गावकुसाबाहेरची वस्ती हे सारे राहून जात होते. आकडा खरा होता, पण तो भलत्याच गोष्टीचा होता.

मग 1973 च्या सुमारास रीत पालटली. टोचलेले दंड मोजण्याऐवजी आजारी माणसे शोधावयाची, आणि ती सापडताच आसपासच्या सर्वांना टोचावयाचे. कामगार देवीने अंगभर फोड आलेल्या मुलाचे चित्र घेऊन घरोघर, बाजारांत आणि शाळांत हिंडू लागले. ‘असा कोणी पाहिला आहे का?’ एवढाच प्रश्न. खबर देणाऱ्यास बक्षीस ठेवले. ते वाढत वाढत हजार रुपयांवर गेले. शाळकरी मुले ही सर्वांत उत्तम बातमीदार ठरली, ही गोष्ट मला मोठी गमतीची वाटते. काल ज्या मुलांचे दंड आकड्यासाठी पुन्हा पुन्हा मोजले जात होते, तीच आज आकडा खरा की खोटा हे सांगू लागली. 1975 च्या मे महिन्यानंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही.

परंतु येथेही लोकांना विचारले ते इतकेच की रोगी कोठे आहे. काय शोधावयाचे हे वरच ठरले होते. त्याच्या पुढची पायरी डिचोलीच्या लाल मातीत दिसते.

डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे हा गोव्याचा लोहखनिजाचा पट्टा. विसाव्या शतकाच्या मध्यापासून येथील खनिज बार्जांतून मांडवीवाटे मुरगावास आणि तेथून जपानास जाऊ लागले. एक टन खनिज काढावयाचे तर अडीच-तीन टन माती आणि दगड बाजूस लोटावे लागतात. खाण भूजलाच्या पातळीखाली उतरली की आतले पाणी उपसून टाकावे लागते, आणि मग आजूबाजूच्या विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात. पावसाळ्यात ढिगाऱ्यांची माती वाहून भातशेतीत बसते. ट्रक धक्क्यापर्यंत धावतात आणि वाटेवरच्या घरांवर तांबडी धूळ चढते. डिचोली तालुक्यातले शिरगाव हे लईराईच्या जत्रेसाठी प्रसिद्ध. अग्निदिव्याआधी धोंड तळीत स्नान करतात, म्हणजे पाणी हे तेथे केवळ पिण्यापुरते नाही. त्याच गावच्या लोकांनी खाणींविरुद्ध उच्च न्यायालयाकडे दाद मागितली.

आता अशा गावाच्या आरोग्याचे परीक्षण कसे करावयाचे? अधिकारी म्हणेल, हवेतील धुळीचे कण मोजा. कंपनी म्हणेल, आम्ही दवाखाना चालविला, टँकरने पाणी दिले, ते मोजा. घरातली बाई विचारील की एप्रिलात माझी विहीर का आटते, आणि सासऱ्यांचा खोकला पावसाळ्यातही का थांबत नाही. तिघेही खरे बोलत असतात. तिघांची मापे मात्र निरनिराळी.

‘टेरी’ ह्या संस्थेच्या गोव्यातील केंद्राने, डॉ. लिजिया नरोन्हा ह्यांच्या नेतृत्वाखाली आणि कॅनडाच्या एका संशोधन-निधीच्या साहाय्याने, 2000 च्या आसपास हाच गुंता हाती घेतला. खाण कंपन्या, सरकार आणि खाणपट्ट्यातील गावकरी अशा तिन्ही पक्षांशी बोलून त्यांनी जीवनमानाचे निर्देशक तयार केले. खाणीची पर्यावरणविषयक व सामाजिक वागणूक तपासण्याचे साधन बनविले. खाण संपल्यावर मागे काय उरणार ह्याचाही हिशेब मांडण्याची रीत त्यांनी सुचविली. ह्यात नवे होते ते हे की माप घेण्यापूर्वी माप कोणते हे विचारले गेले. पूर्वीच्या गावकरी संस्थेत बांध, जमीन आणि देऊळ ह्यांचे निर्णय एकत्र बसून होत, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्या बैठकीत कुळांना आणि स्त्रियांना जागा नव्हती, हेही सांगितले पाहिजे. म्हणून ‘गावाला विचारले’ एवढे म्हणणे पुरत नाही. गावातल्या कोणाला, हे विचारावेच लागते.

2012 च्या सप्टेंबरात गोव्यातील खाणी थांबल्या आणि प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली. धूळ बसली, पण ट्रक दारात उभे राहिले. डिचोलीतील ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते, त्यांच्या घरात औषधाला पैसा उरला नाही. ट्रकमालकाला कोणत्या बाजूस बसवावयाचे? तो धुळीचा कर्ता, आणि तिचा वाटेकरीही.

शेजारच्या महाराष्ट्रात ह्या विचाराला 2007 साली सरकारी रूप मिळाले. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आजचे धाराशिव), पुणे आणि ठाणे ह्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याची ‘साथी’ ही संस्था तिची राज्यपातळीवरील सूत्रधार होती. परिचारिका गावात येते का, डॉक्टर बाहेरून औषध आणावयास सांगतात का, पैसे मागतात का, असे प्रश्न गावकरी स्वतः विचारीत आणि उत्तरे हिरव्या, पिवळ्या व तांबड्या रंगांत मांडीत, म्हणजे अक्षर न येणाऱ्यासही कळे. मग जनसुनवाई भरे आणि अधिकाऱ्यांना लोकांसमोर उत्तर द्यावे लागे.

पेडण्यात अशाच सुनवाईची दुसरी तऱ्हा पाहावयास मिळाली. मोपा विमानतळासाठी जनसुनवाई झाली, परंतु 2006 च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे अहवालात काय तपासावयाचे ते आधी तज्ज्ञांची समिती ठरविते, मसुदा तयार होतो, आणि लोकांची पाळी येते ती त्यानंतर. 29 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती दडविल्याचा ठपका ठेवून त्या विमानतळाच्या मंजुरीस स्थगिती दिली. पुढे 2020 च्या जानेवारीत ती उठली, आणि विमाने उडू लागली.

डिचोलीकडे पुन्हा येतो. 2015 साली कायदा बदलून खाणजिल्ह्यांसाठी खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. त्या वर्षीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निधीतला किमान शेकडा 60 भाग पिण्याचे पाणी, प्रदूषण-नियंत्रण, आरोग्य, शिक्षण अशा कामांवर खर्चावयाचा होता. त्यांतच असाही नियम होता की, अनुसूचित क्षेत्रांत योजनांना ग्रामसभेची मंजुरी घ्यावी, आणि वर्ष संपताच झालेल्या कामाचा अहवाल तिच्यापुढे ठेवावा. गोव्यात अनुसूचित क्षेत्र नाही. त्यामुळे शिरगावच्या ग्रामसभेला हा हक्क त्या नियमाने मिळाला नाही.