परभाषेची पाठ्यपुस्तके आणि अर्थमूल्ये

परभाषेचे पाठ्यपुस्तक शब्द आणि व्याकरण शिकवता शिकवता पैसा, नोकरी, खरेदी यांविषयी काय योग्य मानावे हेही सुचवत असते. या विषयाचा अभ्यास मुख्यतः इंग्रजीच्या पुस्तकांवर झाला आहे. अशा पुस्तकांचे बाजाराशी असलेले नाते मात्र इंग्रजीच्या जागतिक व्यापापेक्षा कितीतरी जुने आहे.

इतिहास : व्हेनिसमध्ये जर्मन शिकवणारा न्यूरेंबर्गचा जॉर्ज याच्या 1424 च्या हस्तलिखितात कापडाच्या भावावरून मनसोक्त घासाघीस चालते. अँटवर्पचा पंतोजी नोएल द बेर्लेमाँ याचे फ्रेंच-डच पुस्तक हा या परंपरेतला सर्वांत गाजलेला ग्रंथ होय. त्याची 1536 ची आवृत्ती उपलब्ध आहे. तिच्यात तीन संवाद आहेत : दहा जणांची पंगत, खरेदी-विक्री आणि थकलेल्या उधारीचा तगादा. जोडीला पत्रे, करारनामे व पावत्यांचे नमुने. थोडक्यात, भाषेबरोबर पेढीचा व्यवहारही शिकून घ्यावा. पुढे त्यात प्रवास आणि सराईतला मुक्काम यांचे संवाद आले आणि सतराव्या शतकापर्यंत पुस्तक आठ भाषांत पसरले. आचे येथे कैदेत राहून आलेल्या फ्रेडरिक द हाउटमन याने 1603 मध्ये मलाय संवाद छापले, त्यांतील काहींचा साचा बेर्लेमाँचाच आहे. या पुस्तकांतला विद्यार्थी व्यापारी आहे. तो भाव पाडतो, उधारी देतो आणि वसूलही करतो.

विसावे शतक : युरोप परिषदेसाठी व्हान एक यांनी 1975 मध्ये केलेल्या भाषाशिक्षणाच्या आराखड्यात खरेदी, खाणेपिणे, प्रवास हे स्वतंत्र विषय होते. अशा विषयांभोवती रचलेल्या पुस्तकांतून व्यापाऱ्याच्या जागी प्रवासी-गिऱ्हाईक येऊन बसले. किंमत ठरलेली असते, निवड तेवढी त्याच्या हाती.

ब्रिटिश पुस्तके : जॉन ग्रे यांनी 2010 च्या ग्रंथात, जगभर खपणाऱ्या ब्रिटिश पाठ्यपुस्तकांत व्यक्तिगत यश, प्रसिद्ध व्यक्ती, प्रवास आणि निवडीचे स्वातंत्र्य यांना कसे झुकते माप मिळते ते दाखवले. राजकारण, मद्य, धर्म, लैंगिकता यांसारखे विषय प्रकाशक टाळतात. डेव्हिड ब्लॉक यांच्यासह 2014 मध्ये लिहिताना ग्रे यांनी आणखी एक बाब नोंदवली : आधीच्या पुस्तकांत दिसणारा कामगार वर्ग नंतर जवळजवळ नाहीसा झाला. विद्यार्थी ही मूल्ये खरोखर उचलतात का, यावर मतभेद आहेत.

जपानी : ‘मिन्ना नो निहोंगो’ (1998) या पुस्तकात ओळख करून देताना कंपनीचे नाव सोबत येते. पुस्तकातले पात्र मिलर हा ‘आयएमसी’ कंपनीचा कर्मचारी. तिसऱ्याच पाठात डिपार्टमेंट स्टोअरमध्ये वाइनची खरेदी होते. इंग्रजी प्रकाशकांचे सोवळे येथे दिसत नाही. पुण्यातील जपानी वर्गांतही हे पुस्तक वापरात आहे.

मराठी : संवादांतून शिकवण्याची पद्धत मराठीच्या बाबतीतही दिसते. विल्यम कॅरी याच्या मराठी व्याकरणाला (1805) नित्य विषयांवरील संवाद जोडलेले आहेत.