गोंदवून घेण्यापूर्वी

अंबरनाथचे शिवमंदिर वालधुनी नदीच्या काठी उभे आहे. त्याच्या उत्तरेकडील दाराच्या तुळईवर एक शिलालेख कोरलेला असून त्यावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हा काळ नोंदलेला आहे. कोकणच्या शिलाहार घराण्यातील मुम्मुणी राजाची ती कारकीर्द. हा लेख कोरणाऱ्या पाथरवटाला एक गोष्ट पक्की ठाऊक असणार: दगडावर एकदा उमटलेले अक्षर मागे घेता येत नाही. म्हणून मजकूर आधी ठरतो, जागा आधी नेमली जाते आणि छिन्नी शेवटी हातात घेतली जाते.

माणसाच्या कातडीवर लिहिण्याचा नियमही हाच आहे. या मंदिराच्या आसपासच्या डोंगरपट्टीत, बदलापूरपासून कर्जतपर्यंतच्या वाड्यापाड्यांत, ठाकर, कातकरी, आगरी आणि कुणबी समाजांतील वृद्ध स्त्रियांच्या हातांवर हिरवट पडलेले गोंदण अनेकांनी पाहिले असेल. आज त्याच पट्ट्यात, अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूरच्या बाजारपेठांत, टॅटू स्टुडिओच्या पाट्या झळकतात. आपल्या धर्मग्रामांतील मुलेमुली तेथे फोनवरून वेळ ठरवतात, आगाऊ रक्कम भरतात आणि बहुधा त्यानंतरच घरी सांगतात. मग घरात दोन तट पडतात. आई म्हणते, हे पाप आहे. मुलगा म्हणतो, मी क्रूसच तर गोंदवतो आहे! दोघांच्याही म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे, आणि दोघांच्याही दृष्टीतून एक गोष्ट निसटते. गोंदवून घेण्यापूर्वी माणसे कशी तयारी करीत आणि ती वेळ कोण ठरवीत असे, हे पाहिले म्हणजे ती गोष्ट हाती लागते.

प्रथम आपल्या मातीतले गोंदण पाहू. गोंदणारीण पाड्यावर किंवा जत्रेत येई. काजळी पाण्यात वा पाल्याच्या रसात कालवून ती रंग तयार करी, दोनचार सुया एकत्र बांधून कातडी टोचत जाई आणि वर हळद लावी. मुलगी रडू लागली की गाण्याने तिचे मन रमवी. मोबदला धान्याच्या किंवा जुन्या लुगड्याच्या रूपाने मिळे. नक्षी ठरलेली असे: तुळस, चूल, विंचू, कपाळावरचे ठिपके, कधी नवऱ्याचे नाव. वेळही ठरलेली असे, बहुधा लग्नाआधीची. सारे दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे आपल्यासोबत येते, अशी त्या स्त्रियांची श्रद्धा होती. ज्यांच्या अंगावर सोन्याचा मणी कधी चढला नाही, त्यांच्या दृष्टीने ही श्रद्धा लहान नव्हती.

मात्र या चित्राला केवळ सोनेरी चौकट देऊन चालणार नाही. ज्या मुलीच्या हातावर सुई चाले, तिला कोणी विचारीत नसे. एकच सुई अनेक हातांवर फिरे आणि तिच्यासोबत रोगही फिरत. पण एवढे खरे की त्या मुलीला नक्षीचा अर्थ ठाऊक असे, कारण तीच नक्षी तिच्या आईच्या आणि आजीच्या हातावर होती. तयारी तिने एकटीने करायची नसे. साऱ्या पाड्याने ती आधीच केलेली असे.

गोंदणाचा दुसरा इतिहास काळोखा आहे. रोमन साम्राज्यात पळालेले गुलाम आणि शिक्षा झालेले कैदी यांच्या कपाळावर टोचून खुणा केल्या जात. या खुणेला ग्रीक भाषेत ‘स्तिग्मा’ म्हणत. इसवी सन ३१६ च्या सुमारास सम्राट कॉन्स्टंटाईनने खाणीत वा आखाड्यात धाडल्या जाणाऱ्या दंडितांच्या चेहऱ्यावर अशी खूण करण्यास मनाई केली. स्वर्गीय सौंदर्याच्या प्रतिमेप्रमाणे घडलेला चेहरा विद्रूप होऊ नये, असे त्याने कारण दिले. आपल्या देशातही ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत बंगाल आणि मद्रास इलाख्यांत जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदवीत. ती शिक्षा १८४९ मध्ये रद्द झाली. आणि विसाव्या शतकात ऑशविट्झच्या छळछावणीत कैद्यांच्या हातावर नाझींनी आकडे गोंदवले. तेथे माणसाचे नाव पुसून टाकण्यासाठी गोंदणाचा उपयोग झाला. येथेही वेळ ठरलेली होती, पण ती ठरवणारा जुलमी होता.

ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली म्हणजे संत पौलाचे धाडस कळते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या अखेरीस (६:१७) आपण येशूच्या खुणा शरीरावर वागवतो, असे तो सांगतो. त्यासाठी त्याने वापरलेला शब्द हाच, ‘स्तिग्मा’. पौलाच्या त्या खुणा बहुधा फटक्यांच्या आणि दगडांच्या व्रणांच्या असाव्यात. पण गुलामाच्या कपाळावरचा लाजिरवाणा शब्द उचलून त्याने आपल्या धन्याचे नाव अभिमानाने सांगितले.

आता आईच्या आक्षेपाकडे वळू. लेवीय ग्रंथात (१९:२८) मृतांसाठी अंगावर जखमा करून घेणे आणि शरीरावर खुणा गोंदणे या दोन्ही गोष्टी निषिद्ध ठरवल्या आहेत. त्या वचनाचा रोख शेजारच्या मूर्तिपूजक जमातींच्या शोकाचारांकडे आणि त्यांच्या देवतांच्या खुणांकडे असल्याचे अनेक भाष्यकार मानतात. त्याच अध्यायात दाढीच्या कडा छाटू नयेत आणि दोन जातींच्या धाग्यांचे वस्त्र वापरू नये, हेही नियम आहेत. ते आपण ख्रिस्ती माणसे पाळत नाही. उलट यशयाच्या ग्रंथात (४४:५) आपण परमेश्वराचे आहोत, असे हातावर लिहिणाऱ्या माणसाचे चित्र आहे. याच वचनावर भाष्य करताना गाझा येथील प्रोकोपियस या सहाव्या शतकातील विद्वानाने आपल्या काळातील अनेक ख्रिस्ती लोक मनगटावर वा दंडावर क्रूसाचे चिन्ह किंवा ख्रिस्ताचे नाव टोचून घेतात, अशी नोंद केली आहे. इंग्लंडमध्ये इसवी सन ७८७ साली पोपच्या प्रतिनिधींपुढे भरलेल्या धर्मसभेनेही मूर्तिपूजकांच्या गोंदणाचा निषेध केला, परंतु कोणी देवासाठी ते सोसले तर त्याला मोठे प्रतिफळ मिळेल, असेही म्हटले. ख्रिस्तसभेने सुईपेक्षा हेतूची अधिक चौकशी केली, असा याचा अर्थ.

हा हेतू तपासण्याची एक सुंदर रीत यरुशलेमेत रुजली होती. हेन्री मॉन्ड्रेल हा आलेप्पो शहरातील इंग्रज व्यापाऱ्यांचा धर्मोपदेशक १६९७ च्या ईस्टरला यरुशलेमेत होता. पवित्र शनिवारी यात्रेकरू हातावर खुणा कशा करून घेतात, हे त्याने टिपून ठेवले आहे. कारागिरांकडे लाकडी ठसे असत. आपल्या भक्तीला रुचेल तो ठसा यात्रेकरू निवडी. कोळशाची पूड लावून तो हातावर उमटवीत, मग जोडून बांधलेल्या दोन सुयांनी त्या रेषांवरून टोचीत आणि शेवटी जागा द्राक्षारसाने धूत. मूळचे इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती असलेले रझूक घराणे आजही यरुशलेमेच्या जुन्या शहरात हा व्यवसाय करते. पिढ्यान्‌पिढ्या जपलेले लाकडी ठसे त्यांच्याकडे आहेत. इजिप्तमध्ये आजही कितीतरी कॉप्टिक ख्रिस्ती उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूस लहानसा क्रूस गोंदवून घेतात. अल्पसंख्य म्हणून जगताना तो क्रूस त्यांची ओळख आहे, आणि ती लपवता येत नाही, हे ठाऊक असूनच ते हात पुढे करतात.

येथे खूण शेवटी येते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. घर सोडणे, समुद्र ओलांडणे, लुटारूंचे भय, उपवासकाळ, पवित्र सप्ताहातील उपासना हे सारे घडून गेल्यावर सुई कातडीला लागे. यात्रा हीच तयारी होती.

बोस्नियातील कॅथलिक स्त्रियांची परंपराही अशीच आहे. १४६३ पासून १८७८ पर्यंत हा प्रदेश ऑटोमन तुर्कांच्या सत्तेखाली होता. तेथील कॅथलिक मुलींच्या हातांवर क्रूस आणि डहाळ्यांची नक्षी गोंदवली जाई. काजळी, मध आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीचे दूध यांचा रंग बनवीत. काही नक्षी ख्रिस्ती धर्माहूनही जुनी असावी, असे अभ्यासक म्हणतात. परंतु लोकांच्या आठवणीत ती मुलगी कोणाची, हे सांगणारी ती खूण होती. गोंदवण्याचे दिवस चर्चच्या पंचांगाशी बांधलेले असत: १९ मार्चचा संत योसेफाचा सण, २५ मार्चचा देवदूताच्या निरोपाचा सण, झावळ्यांचा रविवार. वेळ कोणी मागून घेत नसे. वर्षच ती वेळ घेऊन येई.

१८९१ मध्ये न्यू यॉर्कच्या सॅम्युएल ओ’रायली याने गोंदण्याच्या विजेच्या यंत्राचे पेटंट घेतले. एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून त्याला ही कल्पना सुचली. सुई जलद झाली. पुढे नक्षी निवडण्याला सीमा उरली नाही आणि वेळ कोणत्याही दिवसाची मिळू लागली. आई, पाडा, यात्रा, चर्चचे पंचांग हे सारे मधून निघून गेले. पूर्वी जी तयारी समाज करीत असे, ती आता अठरा-वीस वर्षांच्या मुलाने एकट्याने, मोबाईलवर नक्षी पाहत करायची असते. आजच्या गोंदणातील खरी उणीव ही आहे, असे मला वाटते.

म्हणून या तयारीत आपण सहभागी व्हावे. त्यातील काही गोष्टी अगदी व्यावहारिक आहेत. पैसे भरण्यापूर्वी एकदा स्टुडिओत स्वतः जाऊन यावे. सुई नवी आहे आणि तिचे पाकीट आपल्यासमोर फोडले जाते का, हातमोजे बदलले जातात का, रंग प्रत्येकासाठी वेगळ्या लहान कपांत काढतात का, हे पाहावे. अस्वच्छ सुईतून कावीळ ब आणि क, तसेच एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. कावीळ ब रोगावर लस आहे, तिच्या मात्रा सहा महिन्यांत पूर्ण होतात. तेव्हा लस आधी आणि स्टुडिओतली वेळ मागून, हा क्रम बरा. मधुमेह, त्वचेचे विकार, जखमेवर जाड व्रण उठण्याची प्रवृत्ती किंवा रक्त पातळ करणारी औषधे असतील तर डॉक्टरांना विचारावे. गरोदरपणी हा विचार पुढे ढकलावा. त्या दिवशी पोटभर जेवून, पुरेशी झोप घेऊन जावे, आणि आदल्या दिवसापासून मद्याला स्पर्श करू नये. जखम भरून यायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर पोहणे बंद, कडक ऊन टाळायचे. लग्नाच्या किंवा सहलीच्या तोंडावर वेळ घेणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

काही गोष्टी भविष्याशी निगडित आहेत. गोंदवून घेतल्यावर आपल्या देशात बारा महिने रक्तदान करता येत नाही. धर्मग्रामाच्या रक्तदान शिबिरात नित्य नाव देणाऱ्यांनी हे जाणून असावे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत धार्मिक चिन्ह किंवा नाव चालते, परंतु ते डाव्या हाताच्या कोपरापुढील भागावर, आतल्या बाजूस, किंवा हाताच्या पाठीवर असावे लागते आणि त्या भागाच्या चौथ्या हिश्शाहून लहान असावे लागते. सलामीच्या उजव्या हातावर प्रेमाने गोंदवलेला क्रूस भरतीच्या दारात अडथळा ठरू शकतो. ज्याच्या मनात वर्दीचे स्वप्न आहे, त्याने भरतीची जाहिरात आधी वाचावी आणि मगच स्टुडिओला फोन करावा. लेझरने खूण काढता येते खरी, पण त्याला अनेक फेऱ्या, पैसा आणि वेदना लागतात आणि डाग राहण्याची शक्यता असते. मजकूर लॅटिन वा हिब्रू भाषेत हवा असेल, तर जाणकाराकडून अक्षरन्‌ अक्षर तपासून घ्यावे. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, एवढे माहीत नसलेल्या कारागिराच्या हाती देवाचे नाव उलटे होऊ शकते.

उरतो तो मूळ प्रश्न: ही खूण कोणाची? ख्रिस्ती माणसावर एक खूण आधीच झालेली आहे. इसवी सन ४०० च्या सुमारास संत ऑगस्टीनने स्नानसंस्काराची तुलना रोमन सैनिकाच्या अंगावरील खुणेशी केली. सैन्यातून पळालेला शिपाई परत आला तर त्याच्यावर पुन्हा खूण करीत नाहीत. पहिली खूण पुसलेली नसतेच. त्याचप्रमाणे स्नानसंस्कार, दृढीकरण आणि याजकदीक्षा आत्म्यावर न पुसणारी मुद्रा उमटवतात आणि म्हणून ते पुन्हा दिले जात नाहीत, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. या मुद्रेत कातडीवरच्या क्रूसाने भर पडत नाही आणि त्याच्या अभावाने उणेपण येत नाही. परंतु त्या मुद्रेची आठवण म्हणून कोणी विचारपूर्वक क्रूस गोंदवला, तर त्याला पापी ठरवण्याचे कारण मला दिसत नाही.

मार्च २०१८ मध्ये रोम येथे तरुणांशी बोलताना पोप फ्रान्सिस यांना एका युक्रेनियन सेमिनरियनने याविषयी विचारले होते. टॅटूला भिऊ नका, असे सांगून पोपमहोदयांनी कपाळावर क्रूस गोंदवणाऱ्या इरिट्रियन ख्रिस्ती लोकांची आठवण दिली. ती खूण आपण कोणाचे आहोत हे सांगते, तेव्हा तिच्या निमित्ताने तरुणांशी संवाद सुरू करा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

तो संवाद घरात कसा सुरू करावा? एक साधी रीत सुचवतो. मुलाने हवी ती नक्षी कागदावर काढावी आणि तो कागद घरातील पवित्र शास्त्राच्या पुस्तकात ठेवावा. राखेच्या बुधवारी ठेवला, तर ईस्टरनंतर काढून पाहावा. या चाळीस दिवसांत आईवडिलांनी ‘नको’ म्हणू नये. हीच नक्षी का, हा क्रूस कोणासाठी, हे नाव तुला काय सांगते, एवढेच विचारावे आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. चाळीस दिवसांनंतरही तीच नक्षी हवीशी वाटली, तर मुलासोबत कोणी वडीलधाऱ्याने स्टुडिओपर्यंत जावे आणि सुईचे पाकीट समोर फोडले जाते की नाही, ते पाहावे. पाड्यावरच्या मुलीपाशीही त्या वेळी कोणीतरी आपले माणूस बसलेले असे.